राखून ठेवलेलं नाव

उत्तर टोकाच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या आमच्या गावात उलायुकबद्दल एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे: म्हातारीला कॅमेऱ्याचं वेड आहे. दुकानात विचारा, चर्चच्या पायरीवर विचारा, रेडिओवर बिंगोचे आकडे सांगणाऱ्याला विचारा. "कॅमेरा दिसला की तिचे गुडघे दुखायचे थांबतात," दुकानातली बाई मान वर न करता सांगेल. दक्षिणेकडून विमानाने येणाऱ्या पाहुण्यांनी तर यावर कळस चढवला आहे. त्यांच्यात असं बोललं जातं, की उलायुकच्या घरात सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा आहे आणि तो तिच्या आईच्या काळापासून एकदाही विझलेला नाही.

दिवा शाळेचा आहे. शाळेच्या कपाटात, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, व्हॉलीबॉलच्या जाळीखाली तो असतो. फिल्मवाली पोरं तो उचलून उलायुकच्या घरी नेतात. ती वात लावते, खोकते, ज्योतीकडे गंभीरपणे बघते, आणि कॅमेरा बंद झाला की खिडकी उघडून म्हणते, "न्या ते मडकं. माझ्या पडद्यांना वास लागतो." तिच्या घरी विजेची शेगडी आहे, टीव्ही आहे, आणि बावीस वर्षं शाळेच्या फरशा पुसून निवृत्त झाल्यावर मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आहे.

आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर तो तिला मुळीच आवडत नाही. "एकडोळ्या" म्हणते ती त्याला. तरीही गावातल्या पोरांनी केलेल्या अकरा फिल्मांत ती आहे, आणि अकराही वेळा ती स्वतःहून बसलेली आहे. त्याचं कारण एक वाक्य आहे. दिवा पेटवला की ती एकडोळ्याकडे बघून ते वाक्य म्हणते, आणि अकराही वेळा पोरांनी ते कापलं.

ह्या फिल्मा म्हणजे काय, तर दर उन्हाळ्यात खाडीतला बर्फ फुटला की दक्षिणेतून दोन-तीन शिकवणारे चार कॅमेरे घेऊन येतात, तीन आठवडे शाळेत मुक्काम ठोकतात आणि आम्हा पोरांना फिल्म करायला शिकवतात. प्रत्येकाला चार मिनिटं. विषय दरवर्षी तोच: आपलं गाव आणि आपण कोण. मग सगळी पोरं म्हातारं माणूस शोधायला निघतात. पण त्या दिवसांत धडधाकट म्हातारे मासेमारीच्या तळावर गेलेले असतात. उरतात दोन. एकाला ऐकू येत नाही. दुसरी उलायुक.

शिकवणाऱ्यांतला ग्रेगरी तर तिचा भक्तच होता. तो इंग्रजीत विचारायचा आणि इनूयाक, म्हणजे उलायुकच्या बहिणीची नात, आमच्या भाषेत सांगायची. इनूयाक सतरा वर्षांची, उलायुकच्याच घरी राहते.

"आजीबाई," ग्रेगरी गुडघ्यावर बसून, हात जोडल्यासारखे धरून म्हणायचा, "आपली ओळख म्हणजे नेमके काय, असे आपणांस वाटते?"

"पोरी, तो विचारतोय तू कोण आहेस," इनूयाक सांगायची.

"तीन उन्हाळे माझा चहा पितोय आणि त्याला माहीत नाही मी कोण?"

"तसं नाही गं. आतून कोण आहेस."

"आत आत्ता चहाच आहे. सांग त्याला."

इनूयाक ग्रेगरीकडे वळायची. "ती म्हणते, मी ह्या भूमीची लेक आहे."

"सुंदर," ग्रेगरी डोळे मिटून म्हणायचा. "फारच सुंदर."

सतरा वर्षांची पोर एकाहत्तर वर्षांच्या बाईला 'पोरी' म्हणते, यात इथे कोणाला काही वाटत नाही. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नाव आलं की माणूस आला. इनूयाकला उलायुकच्या आईचं नाव मिळालं, म्हणून उलायुक तिला 'आई' म्हणते आणि 'आई' तिला गोळ्या घेतल्या का म्हणून दटावते. मला नाव मिळालं किल्लाकचं. किल्लाक उलायुकचा नवरा. मी जन्मलो त्याच्या आदल्या वसंतात तो बर्फाच्या भेगेत गेला. त्यामुळे उलायुक मला 'अहो' म्हणते. दुकानात, भर रांगेत, "अहो, तेवढी साखर काढून द्या वरची." वर्गातली पोरं अजून तिची नक्कल करतात. माझ्याइतकी चांगली कोणाला जमत नाही, ते सोडा.

तर ते वाक्य.

उलायुक नऊ वर्षांची होती तेव्हा तिचं बिऱ्हाड तंबूत होतं, इथून होडीने अर्ध्या दिवसावर. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांचं जहाज आलं आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या माणसांना छातीचे फोटो काढायला वर बोलावलं. आई धाकट्या बहिणीला पाजत होती, म्हणून उलायुकने सहा वर्षांच्या भावाला हाताला धरून शिडीवर चढवलं. तातिगाक त्याचं नाव. त्याला मशीनची भीती वाटली. तिने आपल्या वाट्याचं बिस्कीट त्याच्या तोंडात कोंबलं आणि त्याला काचेसमोर उभं केलं. थोड्या वेळाने एका माणसाने तातिगाकच्या कोटाला कागद बांधला. उलायुकच्या कोटाला नाही बांधला. तिला हाताने खूण केली: तू खाली.

तिला वाटलं, आईला विचारायला हवं. तातिगाकला एका जाड दोराजवळ उभं करून ती म्हणाली, "इथंच थांब. हलायचं नाही. मी आईला घेऊन येते."

होडी किनाऱ्याला लागली, आई पाण्यापर्यंत पळत आली, तोवर जहाज वळत होतं. तातिगाक दोराजवळच उभा होता. त्याला हलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि तो गुणी मुलगा होता.

त्यानंतर काही नाही. पत्र नाही, सांगावा नाही. छातीच्या रोगाचे, क्षयाचे लोक दक्षिणेच्या इस्पितळांत नेले होते. काही दोन वर्षांनी परत आले, आपली भाषा विसरून आणि बुटाच्या नाड्या बांधायला शिकून. काही आले नाहीत. पुष्कळ वर्षांनी सरकारने तिकडच्या दफनभूमींची यादी केली, तेव्हा इनूयाकने ऑफिसात जाऊन ती सबंध वाचली. तातिगाक त्यात नव्हता. त्या काळी सरकार आमच्या नावांऐवजी नंबर लिहायचं, आणि त्याच्या नंबराची चकती त्याच्याच गळ्यात होती. तेव्हा तो मेलेल्यांत नाही आणि जिवंतांतही नाही. ऑफिसातल्या बाईने इनूयाकला डोळे पुसायला कागद दिला आणि म्हणाली, "फॉर्म भरून ठेव, काही कळलं तर कळवू." त्याला आता चार वर्षं झाली.

उलायुकने मात्र आपल्यापुरता निकाल लावला होता. मेल्याशिवाय नाव देत नाहीत; मग नाव दिलंच नाही, तर मेलेला कसा? घरात बाळ जन्मलं की कोणीतरी हळूच विषय काढायचंच.

"तातिगाकचं नाव किती दिवस असं बाहेर ठेवायचं, उलायुक? थंडीत आहे ते."

"ज्याचं आहे तो घालून फिरतोय," उलायुक म्हणायची. "उघडं फिरवू का त्याला?"

नऊ बाळं झाली. एकालाही तिने ते नाव देऊ दिलं नाही. तिचा स्वतःचा धाकटा जन्मला तेव्हा किल्लाकने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता, असं ती मला सांगते आणि वर म्हणते, "आठवतंय ना तुम्हाला?" मी आठवतंय म्हणतो.

आणि मग ह्या फिल्मा आल्या. पोरांनी तिला सांगितलं, की फिल्म दक्षिणेतही दाखवतात, मोठमोठ्या शहरांत, अंधाऱ्या खोलीत दोनशे माणसं बसून बघतात. त्या दोनशेंत एखादा म्हातारा असला तर, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. म्हणून दिवा, म्हणून खोकला, म्हणून ग्रेगरीचं 'फारच सुंदर'. पण पोरांच्या फिल्मा दिव्याबद्दल असायच्या, नाहीतर कुत्र्यांबद्दल, नाहीतर घशातल्या घोगऱ्या आवाजाने गाण्याबद्दल. मध्येच एका म्हातारीने कोणा तातिगाकला हाक मारली तर ते तिथे बसत नसे. चार मिनिटांत काय काय बसवणार?

बारावी फिल्म इनूयाकची. तिने शब्द दिला, "पोरी, या वेळी दिवा नाही. फक्त तू आणि तुझं वाक्य."

ते वाक्य तिने घराच्या पायरीवर बसून म्हटलं, एकदाच, कारण दुसऱ्यांदा म्हणायला ती तयार नव्हती. ती म्हणाली, "तातिगाक माझा धाकटा भाऊ. त्याला जहाजावर नेलं. त्याचं नाव आम्ही अजून कोणाला दिलेलं नाही. कारण तो आहे. तिकडे कुठेतरी आहे. कोणी बघितला तर मला सांगा."

पण 'कोणाला दिलेलं नाही' इथपर्यंत ती आली आणि सांडपाण्याचा ट्रक शेजारच्या घराशी मागे मागे येऊ लागला, तोंडाने पीं पीं करत. पुढचं सगळं त्या पींपींखाली गेलं. ग्रेगरीने तीन वेळा ऐकलं, कानावरचे डबे काढले आणि म्हणाला, "इथेच थांबवू या. अधिक परिणामकारक होईल." इनूयाकने थांबवलं. नाव तर आलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा उलायुक पहिल्या रांगेत होती. शेवटी तिचा चेहरा एवढा मोठा झाला, ती म्हणाली, "त्याचं नाव आम्ही अजून कोणाला दिलेलं नाही," आणि पडदा काळा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाकीचं कुठाय?" उलायुकने विचारलं.

"ट्रकने खाल्लं, पोरी. पण नाव आलं ना?"

"आलं," ती म्हणाली. घरी जाताना ती पुन्हा एकदा म्हणाली, "आलं, आलं."

फिल्म दक्षिणेत गेली की नाही देव जाणे. आमच्या बाजूच्या गावांत मात्र गेली. हिवाळ्यात बर्फावरून दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात लोकांनी ती हॉलमध्ये बसून पाहिली, आणि त्यांत सीपोरा नावाची एक बाई होती, आठवा महिना लागलेली. फेब्रुवारीत तिचा फोन आला. इनूयाकने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. मी चहा प्यायला आलो होतो.

"उलायुकताई," सीपोरा म्हणाली, आणि आवाजावरून कळत होतं की ती चांगली बातमी द्यायला बसली आहे. "तुमची फिल्म पाहून आले त्याच आठवड्यात मला स्वप्न पडलं. सहा-सात वर्षांचा मुलगा दाराशी उभा. मी म्हटलं, आत ये, तर हलेना. म्हणाला, पाणी दे. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, तो नावाचा भुकेला आहे, त्या बिचाऱ्यांनी कोणाला दिलेलंच नाही ना. म्हणून आम्ही आत घेतला त्याला, ताई. तातिगाक आमच्याकडे जन्मला."

टीव्हीवर हॉकी चालली होती. उलायुकने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "किती दिवसांचा?"

"तीन आठवड्यांचा होईल उद्या."

"दूध पितो का?"

"रडतोच फार," सीपोरा म्हणाली. "सासूबाई म्हणतात, बहिणीने हाक मारली की थांबेल. ईस्टरला आम्ही घेऊन येतो त्याला."

फोन बंद झाला. उलायुकने मांडीवरचा बूट पुन्हा हातात घेतला. तळव्याचे बारीक टाके घालायचे होते. ते ती दाताने चामडं मऊ करत घालत राहिली.

गावाला मात्र उधाण आलं. दुकानात रांग थांबवून लोक बोलत होते. "सुटली एकदाची," म्हातारे म्हणाले. "बघा, फिल्मचा उपयोग झाला," शाळेतले म्हणाले. रेडिओवाल्याने बिंगोच्या मध्ये अभिनंदन केलं, "उलायुककडे धाकटा भाऊ आला, आणि ज्यांच्याकडे बी-सात आहे त्यांनी खूण करा."

एकटी इनूयाक कोपऱ्यात बसून रडत होती. "मी फोन करते," ती म्हणाली. "सांगते त्यांना, चूक झाली. दुसरं नाव ठेवा म्हणावं. तो ट्रक, तो पुढचा भाग, सगळं सांगते."

"आई, गप्प बस," उलायुक म्हणाली. "अंगात गेलेलं नाव ओढून काढलं तर पोर जगत नाही. तूच शिकवलंस मला."

"मी कधी शिकवलं?"

"तेव्हा तू म्हातारी होतीस."

म्हणजे वाट अशी अडली होती. उलायुकने त्या बाळाला भाऊ म्हटलं, तर ज्याला तिने दोराजवळ उभं केलं होतं तो मेला, आणि तो तिच्याच तोंडून मेला. नाही म्हटलं, तर एक तान्हं पोर नाव असून बेवारशी, दिवसरात्र रडणारं, आणि काही झालं असतं तर तेही तिच्याच माथी. तिला कोणी विचारलं नाही काय करणार म्हणून. ती त्याला भाऊ म्हणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी धरलं नव्हतं. ईस्टरच्या आदल्या दुपारी मी तिच्या दारातला बर्फ काढत होतो आणि ती खिडकीतून सूचना करत होती.

"अहो, डावीकडचा राहिला."

"उद्या तू त्याला भाऊ म्हणणार नाहीस," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"मी. तुझा हट्ट मला माहीत आहे. दोन दिवस अबोला धरला होता मी त्यापायी."

ती जराशी हसली. "पैज?"

"पैज."

"तुमच्या पहिल्या माशाचं डोकं," ती म्हणाली. खाडीतला बर्फ फुटल्यावर जाळ्यात येतो तो पहिला लाल मासा, त्याचं डोकं. इथे याहून मोठं काही लावत नाहीत. मी हो म्हटलं, कारण मी जिंकणार होतो. जिंकायचंच होतं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीपोरा आणि तिचा नवरा आले, बर्फावरच्या गाडीमागे घसरगाडी बांधून. घर भरलं. शेगडीवर कॅरिबू हरणाचं मांस शिजत होतं, दाराशी बुटांचा ढीग, आणि जो तो हातात फोन धरून उभा. इनूयाकने कॅमेरा आणला नव्हता. बाळ सीपोराच्या पाठीवर, कोटाच्या मोठ्या टोपीत होतं आणि रडत होतं. नुसतं रडत नव्हतं, मध्ये थांबून दम घेऊन पुन्हा लागत होतं, जणू कोणाला तरी एकच गोष्ट समजावतंय.

सीपोराने त्याला काढून उलायुकच्या हातात दिलं. उलायुकने ते हातभर लांब धरलं. तोंड लाल, केस काळे, मूठ मिटलेली. किती वेळ ती बघत होती सांगता येणार नाही. मांस उतू गेलं आणि कोणी उठलं नाही.

मग ती वाकली आणि त्याच्या कानाशी नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भावा. आलास होय."

फोनवाल्यांनी श्वास सोडला. सीपोराची सासू सोबत आली होती. ती मोठ्याने "बघा," म्हणाली. उलायुकने बाळाला चामड्याचे बूट घातले, फेब्रुवारीपासून शिवत होती ते निघाले, इवलेसे, तळव्याला बारीक टाके. ती आणखी एकदा "भावा" म्हणाली.

बाळ रडायचं थांबलं नाही. जेवणं झाली, चहा झाला, ते रडतच होतं, आणि दुसऱ्या सकाळी निघताना टोपीच्या आतून घसरगाडीबरोबर आवाज लांब लांब जात राहिला. सासू म्हणाली, "वाट नवीन आहे त्याला. होईल सवय."

उन्हाळ्यात ग्रेगरी आला. क्रेट, दिवा, चार कॅमेरे, दोन नवी पोरं. गुडघ्यावर बसून म्हणाला, "आजीबाई, आपल्या भावाच्या शोधाविषयी आपण पुढील भाग करावा, अशी आमची इच्छा आहे."

इनूयाकने सांगितलं.

"माझं कोणी हरवलेलं नाही," उलायुक म्हणाली.

इनूयाक ग्रेगरीकडे वळली. या वेळी तिने काही न रचता आहे तेच सांगितलं. ग्रेगरी 'सुंदर' म्हणाला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पोरांना घेऊन त्या ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला.

त्याच आठवड्यात माझ्या जाळ्यात पहिला मासा आला. डोकं कापून, उकडून मी तिच्याकडे नेलं. तिने आधी गालांचं मांस खाल्लं, मग ओठ, मग एक डोळा. दुसरा डोळा चमच्यात घेऊन माझ्यापुढे धरला.

"हरलेल्याला देत नाहीत," मी म्हटलं.

"अहो, खा," ती म्हणाली. "मी जिंकेन असं मलाही वाटलं नव्हतं."